न गळणारी नळी

आमच्या वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा ‘हात लावा विज्ञान’ नावाचा दिवस असतो. प्रवेश फुकट, वयाची अट नाही, फक्त सगळ्या घराने मिळून यायचं. इतर प्रदर्शनांत ‘हात लावू नये’ अशी पाटी असते, इथे ‘हात लावल्याशिवाय पुढे जाऊ नये’ अशी. बारा टेबलं, बारा प्रयोग, आणि प्रत्येक टेबलामागे शाळेतली मुलं. यंदा त्यातलं सात नंबरचं टेबल माझं होतं. माझं एकटीचं!

हे एवढं ओरडून सांगायचं कारण गेलं वर्ष. गेल्या वर्षी याच हॉलमध्ये कुणीतरी माझ्या हातात माइक दिला. मी ‘नमस्कार’ म्हणाले. मग परत ‘नमस्कार’ म्हणाले. तिसऱ्या नमस्कारानंतर समोरच्या रांगेतल्या एका काकांनी अगदी प्रेमाने ‘नमस्कार बाळा, नमस्कार’ असं उत्तर दिलं आणि मी मटकन खाली बसले. घरी बाबा म्हणाले, “काही नाही गं, लाइनीत हवा अडकलीय. निघेल.” बाबा प्लंबर आहेत. माणसाला होणारे सगळे आजार त्यांना नळाचेच वाटतात.

पण हवा निघाली हे खरं. आणि अशी निघाली की आता घरात माझं नाव ‘मोटार’ पडलंय, कारण मी एकदा चालू झाले की टाकी भरून वाहिली तरी बंद होत नाही. त्यामुळे यंदा टेबलासाठी मी एक नाही, तीन अर्ज केले. तिसऱ्या अर्जावर टायमरबाईंनी लिहिलं, ‘मंजूर. कृपया चौथा करू नये.’

टायमरबाई म्हणजे वाचनालयाच्या मुख्य बाई. त्या दिवशी त्या गळ्यात स्वयंपाकघरातला गोल टायमर अडकवून फिरतात. एखादं टेबल ओस पडलेलं दिसलं की टायमर पंधरा मिनिटांवर फिरवून तिथे ठेवतात. तो वाजेपर्यंत एकाही पाहुण्याचा हात प्रयोगाला लागला नाही, तर टेबल प्रतीक्षा यादीतल्याकडे जातं. “नुसतं बघायचं असेल तर लोकांच्या घरी टीव्ही आहे,” असं त्यांचं म्हणणं. दुसरा नियम, टेबलामागे फक्त विद्यार्थी. आईबापांनी समोर, पाहुण्यांत उभं राहायचं.

मला एवढंच हवं होतं की संध्याकाळी चार वाजता हॉल बंद होईपर्यंत सात नंबर माझ्याकडे राहावं. बक्षीस नको, प्रमाणपत्र नको. चार वाजेपर्यंत उभं राहायचं आणि बोलायचं, बस.

प्रतीक्षा यादीत पहिलं नाव होतं माझ्या मावसबहिणीचं. ती माझ्याहून एका वर्षाने मोठी, आणि आयुष्यात कशातच दुसरी आलेली नाही, म्हणून तिला सगळे ‘नंबर वन’ म्हणतात. यंदा अर्ज द्यायला तिला एक दिवस उशीर झाला, तर बाईसाहेब प्रतीक्षा यादीतही पहिल्या! जुन्या सीडीला फुगा चिकटवून तिने फरशीवर तरंगत पळणारी गाडी केली होती, आणि सकाळपासून ते खोकं काखेत मारून ती माझ्या टेबलापासून चार फुटांवर उभी होती.

“मी काही तुझं टेबल बंद पडायची वाट बघत नाहीये हं,” ती म्हणाली.

“मग इथेच का उभी आहेस?”

“इथे वारा चांगला येतो.”

हॉलला त्या बाजूला खिडकीच नाही.

माझा प्रयोग तसा साधा. मनगटाएवढी जाड, दोन फूट उंच, काचेसारखी आरपार दिसणारी प्लास्टिकची नळी, खालून बूच बसवून बंद केलेली. तिला वर, मध्ये आणि खाली अशी तीन भोकं. नळी पाण्याने भरायची, भोकांवर बोटं धरायची आणि सोडायची, की तीन धारा. खाली पाण्याचा दाब जास्त, म्हणून खालची धार सगळ्यात लांब जाते. तक्त्यावर मी हे लाल अक्षरांत लिहिलं होतं, पुढे दोन उद्गारचिन्हं. नुसतं पुस्तकातलं नाही हां! आठवडाभर बाथरूममध्ये स्टुलावर नळी ठेवून करून बघितलं होतं. खालची धार थेट दारापर्यंत जायची आणि आई थेट दारातून ओरडायची.

धारा झेलायला टेबलावर एक लांब पन्हळ आडवी ठेवली होती, म्हणजे छपराचं पाणी वाहून नेते तसली अर्धगोल नळी. तिच्या टोकाला बादली. आणि आईने कपड्यांचे रंगीत चिमटे दिले होते. धार कुठे पडेल असं वाटतंय, तिथे पाहुण्याने पन्हळीच्या काठाला आपला चिमटा लावायचा. आईची ही कल्पना. आई कपडे अल्टर करते, त्यामुळे जिथे माप तिथे खूण, ही तिची सवय.

त्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत बाबांनी नळी जुन्या टॉवेलात गुंडाळून व्हॅनमध्ये ठेवली होती. मला इतकं भरून आलं! हॉलच्या दारात मला सोडताना म्हणाले, “एक गिऱ्हाईक उरकतो, मग तुझ्या आईला घेऊन येतो. नळीची काळजी करू नकोस. मी आहे ना.”

मी काळजी केली नाही. तीच चूक झाली.

दहा वाजता दारं उघडली आणि गर्दी आत आली. माझ्या टेबलासमोर पहिल्या सपाट्यात सात-आठ जण. पुढे एक समोरचे दोन दात पडलेली मुलगी, तिच्यामागे बाबागाडी ढकलणाऱ्या एक ताई आणि एक जाड चष्म्याचे आजोबा, जे बहुधा प्रत्येक टेबलावर चूक शोधायला आले होते. मी टॉवेल सोडला. भोकांवर लावलेल्या काळ्या चिकटपट्ट्या निघून गेल्या होत्या. टॉवेलाला चिकटल्या असतील, असं म्हणून मी सोडून दिलं, तीन बोटं अंदाजाने भोकांच्या जागी दाबली, आणि दात पडलेलीला मगाने पाणी ओतायला सांगितलं. नळी काठोकाठ भरली.

“आता बघा हं!” मी म्हणाले. आवाज असा खणखणीत की बारा नंबरच्या टेबलापर्यंत गेला असेल. “मी पहिलं बोट सोडते!”

सोडलं. काही नाही.

“दुसरं!”

काही नाही.

तिसरं सोडताना मी हातही हवेत फिरवला, कारण सुरुवात तशी केली होती आणि आता मागे कसं यायचं ते कळेना. नळी शांत उभी. एक थेंबसुद्धा नाही. दात पडलेलीने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, जादू आहे.

“यात प्रयोग कुठला?” चष्मेवाल्या आजोबांनी विचारलं. “भांड्यात पाणी राहतं, हे आम्हाला माहीत आहे.”

मी नळीवरून बोट फिरवलं. भोकं नव्हतीच! तिथे तीन गुळगुळीत, पारदर्शक, इतके सुंदर बुजवलेले ठिपके होते की नख लावलं तरी कळेना. हे काम ओळखायला सही लागत नाही.

आता बाबांबद्दल सांगावं लागेल. बाबांना गळणारी वस्तू बघवत नाही. बारशाला गेले तर हात धुवायला म्हणून आत जातात आणि अर्ध्या तासाने यजमानांच्या नळाचा वॉशर बदलून बाहेर येतात. एकदा ताप आला म्हणून डॉक्टरकडे गेले, तर त्यांचं बेसिन दुरुस्त करून परत आले. ताप सांगायचा राहून गेला. आणि त्यांचा अभिमान एकच : “दुरुस्ती दिसली, तर ती दुरुस्ती कसली?”

लोक पांगले. समोर कुणी नाही म्हटल्यावर टायमरबाई आल्या, टायमर पंधरावर फिरवला आणि माझ्या टेबलावर ठेवला. टिकटिक टिकटिक. नंबर वनने खोकं एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतलं.

“वारा वाढला का गं?” मी विचारलं.

“तुझ्यासाठी वाईट वाटतंय,” ती म्हणाली, आणि खोक्याचं झाकण उघडून फुगा तपासला.

नेमके त्याच वेळी आई-बाबा आले. बाबांनी चांगला शर्ट घातला होता आणि चेहरा असा, जसा बक्षीस घ्यायला आलेत.

“काय मग मोटार? एक थेंब तरी गळला का?”

“नाही बाबा.”

“गळणारच नाही! अगं, काल बाथरूममध्ये बघतो तर तीन ठिकाणी फुटलेली, आणि वर कुणा शहाण्याने चिकटपट्टी लावलेली! गळतीला चिकटपट्टी! म्हटलं, पोरीची चारचौघांत फजिती होईल. बसलो, स्वच्छ केली, सील केली. आता ही नळी तुझ्या नातवंडांना पुरेल.”

आईने तक्त्याकडे बघितलं. तक्त्यावर ‘तीन भोकं, तीन धारा!!’ असं होतं. मग तिने बाबांकडे बघितलं. आई कधीच ओरडत नाही असं नाही, पण ती ओरडत नाही तेव्हा जास्त भीती वाटते.

“अहो,” ती म्हणाली, “ते वाचा.”

बाबांनी वाचलं. ओठ हलले, मग थांबले. चांगल्या शर्टातला माणूस हळूहळू अर्धा झाला.

“म्हणजे ती… मुद्दाम होती?”

“हो.”

“तिन्ही?”

“हो, बाबा, तिन्ही!”

मला खरं तर रडू येत होतं, पण टायमरवर बारा मिनिटं उरली होती आणि रडायला किमान पाच लागतात. “तुमचं ते सील उकरून काढा ना पटकन!”

“उकरून?” बाबा दुखावले. “अगं, ते निघणार नाही. निघालं असतं तर मी केलंय असं सांगितलं असतं का? नळी तुटेल, पण सील सुटणार नाही. नवी पाडावी लागतील, पाठीमागच्या बाजूने. गिरमिट व्हॅनमध्ये आहे.”

ते धावले. बाबा धावताना मी पहिल्यांदाच बघितले. खिशातला पाना मांडीवर आपटत होता. परत आले ते गिरमिट घेऊन, म्हणजे हाताने मूठ फिरवून भोक पाडायचं ते जुनं हत्यार, आणि सरळ टेबलामागे शिरले.

“पालक पुढच्या बाजूला!” हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून टायमरबाई.

बाबा उडी मारून पुढे गेले. आणि तेव्हाच माझ्या डोक्यात ते आलं. नियम काय? पाहुण्याचा हात लागला पाहिजे. बाबा कुठे उभे आहेत? पाहुण्यांत!

“बाबा, आता तुम्ही पाहुणे आहात. पाहुण्यासारखं वागा.”

“पाहुण्याला निदान चहा विचारतात.”

“आधी काम, मग चहा. नळी रिकामी करा आणि आडवी धरा. घट्ट!” मग मी हॉलकडे तोंड करून ओरडले, “गिरमिट कुणी फिरवलंय का कधी? खरंखुरं भोक पाडायचंय! या, कोण येतंय?”

भोक पाडायला मिळतंय म्हटल्यावर कागदी पुलांच्या टेबलावरून चार मुलं आली. पुलाला कोण विचारतो? दात पडलेलीही परत आली. मी टेबलामागून सांगत होते, बाबा पाहुणेपणाने नळी धरत होते, आणि एकेक जण गिरमिटाची मूठ फिरवत होता. पांढरा भुसा वळ्या वळ्यांनी पडत होता. “दाबू नका, फिरवा. हत्यार आपलं आपण जातं,” बाबा मुलांना सांगत होते. टायमरबाई आल्या, टेबलावर सात हात मोजले, टायमर उचलला आणि गळ्यात घातला.

भोकं पाडायच्या आधीच आईने जागा मापून दिल्या होत्या. खालचं भोक तळापासून एक वीत, वरचं पाण्याच्या काठाखाली एक वीत, आणि मधलं अगदी मध्यावर. नळी पन्हळीच्या टोकाशी टेबलावर उभी केली. तीन मुलांनी तीन बोटं धरली. तोवर समोर पंधरा माणसं झाली होती, आणि चष्मेवाले आजोबाही, कारण भोक पडलं म्हणजे आता चूक शोधता येणार.

“लावा चिमटे!” मी म्हणाले. “कुठली धार सगळ्यात लांब जाईल? मी उत्तर आधीच सांगते, कारण मला माहीत आहे. खालची!” आणि तक्त्यावर टिचकी मारली.

सगळ्यांनी खालच्या धारेवर चिमटे लावले. बाबांनी एक लावला. दात पडलेलीने मात्र मधल्या धारेच्या नावाने पिवळा चिमटा लावला, का तर मधलं भोक तिने पाडलं होतं.

“एक, दोन, सोडा!”

तीन धारा सुटल्या. अहाहा! वरची पडली, खालची पडली, आणि दोन्ही पडल्या जवळजवळ एकाच जागी. मधली त्यांच्या डोक्यावरून मस्त कमान करून सगळ्यांच्या पुढे, थेट पिवळ्या चिमट्याशी.

“माझी जिंकली!” दात पडलेली नाचायला लागली.

मी तक्त्याकडे बघितलं. मी धारांकडे बघितलं. पाणी काही तक्ता वाचत नव्हतं.

“परत करू,” मी म्हणाले. परत केलं. परत मधली.

“तक्त्यावर तर वेगळंच आहे,” आजोबा म्हणाले. आयुष्यात इतका आनंद त्यांना क्वचितच झाला असेल. “प्रयोग चुकला तुझा.”

नंबर वन पुढे सरकली. लोक माझ्याकडे बघत होते. आणि खरं सांगते, गळ्याशी तो गेल्या वर्षीचा ‘नमस्कार’ येऊन उभा राहिला. तीनदा म्हणून खाली बसावं, झालं. सील बाबांनी केलं होतं, तेव्हा बाबांवर चिडता तरी येत होतं. हे तर माझंच, लाल अक्षरांत, दोन उद्गारचिन्हांसकट.

“हो,” मी म्हणाले. आवाज चिरका निघाला, पण निघाला. “चुकलं. म्हणजे तक्ता चुकलाय. पाणी चुकत नसतं. घरी मी दहादा केलं, दहाही वेळा खालची जिंकली होती. मग इथे का हरतेय ते मला माहीत नाही. कुणाला माहीत आहे?”

कुणालाच माहीत नव्हतं. आजोबांनाही नाही, कारण चूक शोधणं हा त्यांचा विषय होता, कारण शोधणं नाही.

“खालच्या भोकाला दाब जास्तच आहे,” बाबा पन्हळीवर वाकून म्हणाले. “बघ, धार किती जोरात सुटतेय. पण जाईल कुठे? सुटली की लगेच टेबलच लागतंय बिचारीला. पडायला जागाच नाही.”

“घरी कुठे ठेवली होतीस?” दात पडलेलीने विचारलं.

“स्टुलावर.”

“मग इथे स्टुलावर का नाही ठेवत?”

इतकी साधी गोष्ट! पुढचे दोन दात नसलेल्या माणसाने विचारावी आणि मला सुचू नये! मी माझं बसायचं स्टूल उचलून टेबलावर ठेवलं, त्यावर नळी. बाबागाडीवाल्या ताईंनी पाण्याचा मग घेतला, दोन मुलांनी पन्हळ सरळ केली. आता कुणी माझं ऐकून चिमटे लावत नव्हतं, ज्याने त्याने आपली अक्कल लावली. सोडलं. आणि खालची धार सणसणीत निघून मधलीच्या पुढे, पन्हळीच्याही पुढे, आजोबांच्या बुटावर!

काय ओरडले लोक! आजोबांनी बूट झटकला आणि म्हणाले, “परत करा. नीट मापून.”

त्यानंतरचा दीड तास मला नीट आठवत नाही, कारण मी श्वास घेतल्याचंही आठवत नाही. स्टूल काढलं, की मधली. स्टूल ठेवलं, की खालची. मग कुणीतरी म्हणालं, मध्ये कुठेतरी दोघी बरोबरीत सुटत असतील. झालं! ती उंची शोधायला शब्दकोश आले. वाचनालयात पुस्तकांची काय कमी? नळीखाली एकेक जाडजूड खंड सरकवायचा, आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून, ही अक्कल आईची. दोन खंडांवर मधली. चार खंडांवर… वाद. नंबर वनने खोकं खाली ठेवलं आणि “तुम्हाला साधं मोजता येत नाही का?” म्हणत वही काढली. ती रकाने आखायला लागली म्हणजे प्रकरण गंभीर.

आणि मग टायमरबाई आल्या. टायमरला हात न लावता, पायजमा घोट्यापर्यंत वर धरून.

मी खाली बघितलं. फरशीवर तळं. पन्हळीबाहेर उडालेलं सगळं पाणी निवांत वाहत आठ नंबरच्या टेबलाखाली गेलं होतं, आणि तिथे खाली ठेवलेले कागदी पूल लगदा होऊन पडले होते. आठ नंबरवाल्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी त्यांना आयुष्यभर काही मागू शकणार नाही.

“हे टेबल बंद,” टायमरबाई म्हणाल्या.

“पण बाई, हात थांबले नाहीत! तुमचाच नियम! बघा ना, किती हात आहेत!”

“हात चालू आहेत गं, पण पाय घसरतायत. कुणाचं हाड मोडलं तर तुझ्या धारा काय जोडून देणार? बंद.”

त्यांचं बरोबर होतं. हाच तर वैताग होता. बाबा कधीच गुडघ्यावर बसून फडक्याने पाणी टिपायला लागले होते, आणि आई आठ नंबरवाल्यांना नवे कागद कापून देत होती, मापात. साडेबारा वाजले होते. चार वाजायला साडेतीन तास.

मी हॉलच्या दाराकडे बघितलं. दाराबाहेर वाचनालयाच्या पायऱ्या. दगडी, रुंद, नऊ. खाली मोकळं अंगण आणि पाणी जायला गटाराची जाळी.

“मग मला बाहेर द्या, बाई,” मी म्हणाले. “तिथे सांडलं तरी चालेल.”

“बाहेर कोण येणार? सगळे प्रयोग आत आहेत, पंखे आत आहेत.”

“नाही आले तर पंधरा मिनिटांनी मी स्वतः घरी जाते. टायमर द्या माझ्याकडे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग टायमर गळ्यातून काढून माझ्या हातात दिला. “फसवायचं नाही हं.”

“नाही.”

मी नळी काखेत घेतली, बादली हातात घेतली आणि निघाले. मागे बघितलं नाही. बघितलं असतं आणि कुणी नसतं, तर? दारातून बाहेर आले. ऊन होतं. सगळ्यात वरच्या पायरीवर बादली ठेवली आणि टायमर पंधरावर फिरवला. टिकटिक.

आधी पन्हळ आली. म्हणजे पन्हळीचं पुढचं टोक दारातून आलं, बराच वेळ येतच राहिलं, आणि दुसऱ्या टोकाला चष्मेवाले आजोबा. “बरोबरीची उंची निघायची राहिलीय,” ते म्हणाले, जणू मीच अर्धवट सोडून पळाले होते. मग दात पडलेली, बाबागाडीसकट ताई, चिमट्यांची टोपली, आणि चौघांनी चार पाय धरून आणलेलं सात नंबरचं टेबल! ते आम्ही खाली अंगणात ठेवलं, पण कुणाला लागलंच नाही. पायऱ्या होत्या ना. नळी पायरीच्या कडेला ठेवायची, म्हणजे धार बाजूला थेट अंगणात. एकेक पायरी चढवली की एकेक उंची आपोआप. पन्हळही नको. अंगणात खडूने रेघा मारल्या आणि चिमट्यांच्या जागी माणसंच उभी राहिली. “माझी धार माझ्या पायाशी!” ज्याचा अंदाज चुकला तो कोरडा, ज्याचा बरोबर तो ओला. त्या उन्हात बरोबर यायला सगळे धडपडत होते.

नंबर वन वही घेऊन सगळ्यात शेवटी दारात आली.

“आतली जागा रिकामी झालीय,” मी तिला म्हणाले. “बाबांनी फरशी पुसून आरसा केलीय. तुझी गाडी सुसाट पळेल.”

तिने आत बघितलं, मग पायऱ्यांकडे बघितलं. “तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या मापात घोळ आहे,” ती म्हणाली, “तो आधी निस्तरा.” वही माझ्या हातात कोंबली आणि गेली. पाचच मिनिटांत आतून मुलांचा आरडाओरडा ऐकू आला. तिथेही पहिलीच!

तक्ता मी उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, ‘कुठली धार लांब? उभे राहा आणि बघा.’ उद्गारचिन्ह दिलं नाही. बाबा पाचव्या पायरीशी उभे राहून मगाने पाणी ओतत होते आणि अनोळखी माणसांना सांगत होते, “ही भोकं मुद्दाम आहेत बरं का. तिन्ही.”

चार वाजता हॉलचे दिवे मालवले गेले. लोक बाहेर पडले ते पायऱ्यांवरच अडकले, कारण नळी आठव्या पायरीवर होती आणि अंगणात वीस माणसं रेघांवर उभी होती. टायमरबाई किल्ल्या घेऊन आल्या. मी टायमर त्यांच्यापुढे धरला. तो शून्यावर होता, सुरुवातीला मी त्याला सतत परत फिरवत होते, मग विसरूनच गेले होते, आणि तो कधी वाजला ते त्या गोंगाटात ऐकूही आलं नव्हतं.

त्यांनी तो घेतला. गर्दीकडे बघितलं, नवव्या पायरीकडे बघितलं, आणि टायमर पंधरावर फिरवून दाराशेजारच्या कट्ट्यावर ठेवला.

“पंधरा मिनिटं,” त्या म्हणाल्या. “त्याच्यापुढे एक नाही.” मग पायजमा वर धरून खाली उतरल्या आणि चपला काढून अगदी शेवटच्या रेघेवर जाऊन उभ्या राहिल्या. बाबांनी आणि मी नळी नवव्या पायरीवर चढवून भरली.

“इतक्या लांब नाही येणार, बाई!” आजोबा ओरडले.

“तुम्ही तुमच्या रेघेवर राहा,” टायमरबाई म्हणाल्या. “सोड गं.”

मी सोडलं.